मधल्या रेषेवरचा काटा

म्हातारी पाणी पीत होती, आणि प्यालेलं पाणी जात होतं कुठे ते कळत नव्हतं.

म्हातारी म्हणजे ट्रक. वय एकतीस वर्षं, बोनेट नाकासारखं पुढे आलेलं, दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय न लागणारा. वडिलांनी हा ट्रक नवा घेतला तेव्हा ताई शाळेत होती. जाताना त्यांनी वाटणी केली ती अशी: ट्रक थोरल्या लेकीला, हत्यारं धाकट्या लेकाला. "ही चालवेल, तू सांभाळशील. म्हणजे भांडायला दोघांनाही फुरसत मिळायची नाही," असं वर हसून म्हणाले होते. त्यानंतर वीस वर्षं ताईनं ट्रक चालवला आणि वीस वर्षं भावानं तो सांभाळला. ट्रकच्या अड्ड्यावर तिला सगळे ताई म्हणायचे आणि तो सगळ्या गल्लीचा मिस्त्री झाला होता. त्याचं खरं नाव आता बहुधा त्याच्या लायसन्सवरच उरलं होतं.

गेल्या महिन्यात ताईच्या डाव्या गुडघ्यानं संप पुकारला. डॉक्टरनं गुडघा दाबला, वाकवला आणि सांगितलं, "क्लच विसरा." ताई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ट्रकची किल्ली लेकीच्या हातात ठेवली. लेक तेवीस वर्षांची, बापाच्या उंचीवर गेलेली, जड वाहनाचं लायसन्स वर्षभर खिशात घेऊन हिंडणारी. लहानपणी ती मुठीएवढी होती म्हणून मामानं तिला पिटू म्हणायला सुरुवात केली. पुढे ती मामापेक्षा उंच झाली, पण पिटूच राहिली.

सोमवारी पिटूची पहिली एकटीची फेरी होती. घाटापलीकडे रुग्णालयाचं बांधकाम सुरू होतं, तिथे सिमेंट पोचवायचं. गेले दीड महिने म्हातारी सपाट रस्त्यावरच, हलकी ओझी घेऊन फिरली होती. आता नऊ किलोमीटरचा चढ होता, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही. भरलेला ट्रक अशा चढावर उकळून बंद पडला तर नुसता उशीर होत नाही. म्हातारीच्या ब्रेकची हवा इंजिनच भरतं. इंजिन गेलं की थोड्या वेळानं ब्रेकही जातात. आणि मागे दहा टन सिमेंट.

म्हणून शनिवारी सकाळी, इंजिन गार असताना, पिटूनं रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट घातलं तेव्हा ताई पायरीवर बसून तिच्या तोंडाकडेच बघत होती.

"बोट बुडत नाही आई. काल काठोकाठ भरलं होतं."

"खाली गळलंय का बघ."

पिटू पाठीवर सरकत ट्रकखाली गेली. थोड्या वेळानं आवाज आला, "कोरडं खडखडीत. मामाला फोन लावते थांब."

"मामा मामा काय सारखं! सोमवारी घाटात मामा बोनेटमध्ये बसून येणारे का तुझ्याबरोबर?"

"येईल की. सांगून तर बघ."

हे मात्र खरं होतं. पिटूनं सांगितलं असतं तर मामा बोनेटमध्येच काय, डिझेलच्या टाकीतही बसला असता. ताई हसली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "आज आपण दोघीच बघू. हत्यारं काढ."

हत्यारांची पेटी केबिनच्या मागे होती. तिच्या झाकणाबद्दल आधी सांगायला हवं. झाकणाच्या आतल्या बाजूला वडिलांनी काळा रंग दिला होता आणि ट्रकचं जे काम होईल ते तिथे पांढऱ्या रंगानं, बारीक ब्रशानं, तारीख घालून लिहायचं अशी पद्धत पाडली होती. नियम दोनच: केलं तेच लिहायचं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. झाकण भरलं की नवं पत्र्याचं झाकण बसायचं आणि जुनं घरात भिंतीला टांगलं जायचं. अशी तीन झाकणं घरात होती. त्यांत एकाही ओळीवर काट नव्हती. दुसऱ्या घरांत असलाच अभिमान वेगळ्या गोष्टींचा असतो.

चौथ्या झाकणावरच्या शेवटच्या दोन ओळी मिस्त्रीच्या हातच्या होत्या. दीड महिन्यापूर्वीची, "थर्मोस्टॅट नवा बसवला". तिच्यानंतर आठ दिवसांची, "मीटरची तार साफ केली".

या दोन ओळींमागची हकिगत अशी. जुना थर्मोस्टॅट सुस्तावला होता म्हणून मिस्त्रीनं नवा घातला. त्यानंतर आठवडाभरात ताईला जाणवलं की तापमानाचा काटा भलताच वर चढतोय, एकदा तर लाल पट्ट्याला टेकला. तिनं ट्रक भावाकडे नेला. त्यानं एक दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, "इंजिन ठणठणीत आहे. मीटरच्या तारेला गंज चढला होता म्हणून काटा उगाच घाबरवत होता." तेव्हापासून काटा बरोबर मधल्या रेषेवर येऊन थांबायचा. ताईचा जीव भांड्यात पडला होता.

"थर्मोस्टॅट झालाय, मीटर झालंय," झाकणावरून बोट फिरवत ताई म्हणाली. "म्हणजे ही दोन सोडून बाकी सगळं बघायचं. आधी सोपं, मग अवघड. डोळ्यांना दिसतं ते आधी, उघडावं लागतं ते शेवटी."

तिची चूक झाली ती इथे. पण ती चूक करायला त्या घरातच जन्मावं लागतं.

दोघींनी काम सुरू केलं. ऑइलची कांडी बाहेर काढली, पुसली, परत घालून काढली. "कसं दिसतंय?" ताईनं विचारलं.

"काळं."

"काळं चालेल. दुधाळ दिसलं असतं तर पाणी ऑइलमध्ये जातंय, म्हणजे हेडचं पॅकिंग गेलं. मग मात्र सोमवार विसरायचा." पॅकिंग शाबूत होतं. एक मोठं संकट टळलं.

पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. तो जेमतेम बोटभर दबला, म्हणजे ताण ठीक. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि धूळ अडकलेली होती, ती पिटूनं मागच्या बाजूनं पाणी मारून धुतली. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग दाबून पाहिली. रबरी नळ्या वाकवून चिरा शोधल्या. पाण्याच्या पंपाखाली ओघळ आहे का ते बॅटरी मारून पाहिलं. सगळं जागच्या जागी. पिटू वैतागली.

"आजारी माणसानं निदान खोकावं तरी! ही नुसती पाणी पिऊन गप्प बसते."

"तिला बोलायला लाव. सुरू कर इंजिन."

पिटूनं पाणी पुन्हा काठोकाठ भरलं आणि इंजिन सुरू केलं. पिटू केबिनमध्ये काट्याकडे बघत बसली, ताई बोनेटशी उभी राहिली. काटा हळूहळू वर आला, मधल्या रेषेवर पोचला आणि थांबला.

"एकदम सरळ आहे," पिटू ओरडली.

पण ताईच्या नाकाला तसं वाटत नव्हतं. तापलेल्या लोखंडाचा आणि रंगाचा एक कडवट वास असतो, तो येत होता. तिनं बाटलीतलं पाणी बोटांवर घेऊन इंजिनाच्या डोक्यावर शिंपडलं. थेंब चर्र करून नाचले आणि नाहीसे झाले. त्याच क्षणी रेडिएटरच्या झाकणाजवळच्या बारक्या नळीतून वाफेची शिट्टी आली आणि उकळतं पाणी रस्त्याच्या बाजूला उडालं. पाणी कुठे जात होतं ते आता कळलं. चालत्या गाडीतून रोज वाटेवर सांडत होतं. अंगणात डाग दिसणार तरी कसा!

"बंद कर! बंद कर!"

पिटू धावत आली. हात कुठे लावू नये हे तिला सांगायची गरज नव्हती, पण रेडिएटरकडे जाणारी वरची जाड नळी तिच्या समोरच होती. आधी तिनं हाताची पाठ जवळ नेली, मग बोट टेकवलं, मग सगळा तळवा.

"आई, ही गार आहे."

"काय बोलतेस!"

"तूच बघ. कोमट पण नाही."

ताईनं हात लावला. इंजिन पेटलेलं आणि त्यातून निघणारी नळी गार. पिटू शिकत होती म्हणून ताईनं ते जोरात बोलून दाखवलं, पण खरं तर ती स्वतःलाच समजावत होती.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक दार. तळहातावर मावेल एवढं. त्याच्या पोटात मेण असतं. इंजिन गार असतं तेव्हा दार बंद, म्हणजे पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर ऊब धरतं. पाणी पुरेसं तापलं की मेण फुगतं, स्प्रिंग दबते, दार उघडतं आणि तापलेलं पाणी त्या वरच्या नळीतून रेडिएटरमध्ये गार व्हायला जातं. दाराला ना तार ना वीज. ते फक्त पाण्याचा ताप ओळखतं. इंजिन उकळतंय आणि नळी गार आहे, याचा अर्थ एकच. दार उघडलेलंच नाही.

"पण तो तर नवा आहे," ताई म्हणाली. "मामानं लिहिलंय."

पिटूनं रिंग पाना उचलला.

इंजिन निवेपर्यंत दोघी सावलीत बसल्या. मग खालचा नळ सोडून पाणी बादलीत काढलं, दोन बोल्ट सैल केले आणि थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत तो होता, खरंच नवा, पितळ अजून चकाकत होतं. फक्त उलटा होता. मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाकडे हवी, ती रेडिएटरकडे तोंड करून बसली होती. ताप इंजिनात आणि तो ओळखणारा पाठ फिरवून बसलेला. दार उघडतही असेल, पण फार उशिरा, सगळं उकळून गेल्यावर.

पिटूला हसू आलं. "मामा! मामानं केलं हे?"

ताईलाही हसू आलं. चुकतो माणूस. जागा अरुंद, हात घालायला वाव नाही, घाई असेल. ती मनात म्हणालीसुद्धा, आता महिनाभर चिडवीन त्याला. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर तिला सांगण्यासारखं काही नव्हतं.

थर्मोस्टॅट तसाच परत बसवायचा नाही हे दोघींना ठाऊक होतं. पिटूनं स्वयंपाकघरातून पातेलं आणलं, दोऱ्यानं थर्मोस्टॅट पाण्यात लोंबता सोडला, बाजूला थर्मामीटर धरला आणि गॅस पेटवला. थर्मोस्टॅटच्या कडेवर ब्याऐंशीचा आकडा ठोकलेला होता. पाणी ब्याऐंशीवर आलं आणि दार उघडू लागलं, अगदी संथ, झोपेतल्या माणसानं डोळा उघडावा तसं. पिटू टाळ्या वाजवणार होती. पण तिचे हात मधेच थांबले.

"आई."

"काय?"

"थर्मोस्टॅट उलटा होता म्हणून इंजिन तापत होतं. मान्य. मग काटा मधेच का थांबायचा?"

पातेल्यातलं पाणी उकळत होतं. ताईनं गॅस बंद केला.

तिच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता असं नाही. तो दाराबाहेर येऊन उभा होता आणि तिनं त्याला आत घेतलं नव्हतं.

अंगणात परत गेल्यावर ताई म्हणाली, "इंजिनावर ताप मोजणारं मीटरचं बटण आहे ना, त्याची तार काढ. किल्ली अर्धी फिरवून मीटर चालू ठेव. आता तारेचं टोक उघड्या लोखंडाला टेकव. काटा धावत जाऊन लाल टोकाला आपटला पाहिजे. मी बघते."

ती केबिनमध्ये बसली. डावा पाय नुसता वर चढवतानाही ठणकला. बाहेरून पिटू म्हणाली, "टेकवली."

काटा उठला, मधल्या रेषेवर आला आणि थांबला.

"परत टेकव."

"टेकवलेलीच आहे."

काटा मधल्या रेषेवर. याचा अर्थ इंजिन जळून कोळसा झालं असतं तरी तो त्या रेषेच्या वर गेला नसता. जाऊच शकत नव्हता.

ताईनं समोरच्या पत्र्याखाली हात घातला आणि तार धरून बोटांनी मागे मागे जाऊ लागली. हातभर गेल्यावर तारेत एक गाठ लागली, चण्याएवढी, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली. तिनं ती खाली ओढून उजेडात धरली. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला सोडवताना नख मारावं लागू नये म्हणून. असं टोक वडील दुमडायचे. त्यांनी ते दोन मुलांना शिकवलं, त्यांतल्या एकीनं पिटूला. जगात असं टोक दुमडणारी माणसं आता तीनच होती आणि त्यांतल्या दोघी या अंगणात होत्या.

टेप अलगद सुटली. आत रंगीत पट्ट्यांचा बारका तुकडा होता, दोन्ही बाजूंनी डाग देऊन पक्का केलेला. तारेतून जाणाऱ्या विजेला अडवणारा. सुबक काम. घाईगर्दीत केलेलं नव्हे.

पिटूनं तो पाहिला. तिला समजायला वेळ लागला नाही, पण समजलेलं तोंडाबाहेर काढायला लागला. "मामाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "उगाच असं कोण बसवेल? कुणीतरी मुद्दाम... आई, तुझ्याबरोबर मी रोज येत होते. मी त्याला परवा विचारलं होतं, काट्यावर लक्ष ठेवायचं ना मामा? तो म्हणाला, डोळ्यांत तेल घालून."

ताईनं पक्कडीनं तुकडा कापून काढला. तो मुठीत घेतला आणि फाटकाबाहेर पडली. लंगडत. पिटूनं मागून हाक मारली तेव्हा तिनं मागे न बघता हात वर केला: तू थांब.

मिस्त्रीचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे होतं. तो बाकावर वाकून कसलातरी पंप उघडत होता, कपाळावर दिवा बांधलेला, वस्तू नाकापाशी धरलेली. पावलांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं.

"या मालकीणबाई! गुडघा गहाण ठेवून आलात की काय? फोन केला असता तर मी आलो असतो."

ताईनं मूठ बाकावर उघडली. तुकडा घरंगळत त्याच्या हातापाशी गेला. त्यानं तो उचलला नाही. बोटानं चाचपला आणि बोट तिथेच राहिलं.

"हात चुकला असता तर मी हसले असते," ताई म्हणाली. "हसलेच मघाशी. थर्मोस्टॅट उलटा बसवलास, ठीक आहे. हे कसं बसलं रे?"

"बस तरी. गुडघा..."

"गुडघ्याचं नाव काढू नकोस."

मिस्त्रीनं कपाळावरचा दिवा काढला. दिवा नसताना त्याचा चेहरा म्हातारा दिसत होता.

"दिसत नाही मला, ताई. डाव्यानं काहीच नाही, उजव्यात धुकं. मोतीबिंदू आहे. थर्मोस्टॅट बसवला तो हातानं चाचपून. डॉक्टर म्हणतो दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन, दोन महिने काम बंद. दोन महिन्यांत सगळी गिऱ्हाइकं पुलाजवळच्या नव्या गॅरेजात जातील. कुणाला सांगू?"

"मला."

त्यानं दिवा बाकावर ठेवला.

"बरं, दिसत नव्हतं. मग एवढासा तुकडा तारेत कसा जोडलास?"

"भिंग घेऊन. उन्हात बसून. सकाळ गेली."

"सकाळ!" ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "थर्मोस्टॅट सुलटा करायला वीस मिनिटं लागतात. आम्ही आत्ताच उघडून काढला."

"तेव्हा कळलं नव्हतं ना मला. ट्रक का तापतोय ते सापडतच नव्हतं. म्हटलं, तूर्तास काटा शांत करू, सावकाश शोधू. नाहीतर तू दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली असतीस." तो थांबला. पुढचं त्याला नको होतं, पण तो बहिणीला ओळखत होता. "मग एका रात्री अंथरुणात पडलो असताना हाताला आठवलं. बोटांना आठवलं की स्प्रिंग कुठल्या बाजूला लागली होती."

"कधी?"

"महिना होईल."

महिना. महिनाभर रोज संध्याकाळी हा घरी येत होता. पिटूला गिअर कसा टाकायचा ते खुर्चीत बसून दाखवत होता. परवा जेवताना म्हणाला होता, पोरगी माझ्यावर गेलीय. ट्रक अंगणात उभा असायचा, याच्यापासून दहा पावलांवर.

"महिन्याभरात वीस मिनिटं मिळाली नाहीत?"

"उघडला असता तर तू विचारलं असतंस का उघडतोस म्हणून. झाकणावर लिहून झालं होतं सगळं. बाबांच्या वेळेपासून कुणी ओळ खोडली नाही, ताई. मी खोडायची?"

"खोडायची लाज वाटली," ताई म्हणाली, "आणि 'तार साफ केली' हे खोटं लिहायची नाही वाटली."

बाहेरून एक गिऱ्हाईक डोकावलं. मिस्त्रीनं त्याला हातानंच नंतर यायला सांगितलं.

"पिटू सोमवारी घाट चढणार, ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"एकटी. दहा टन घेऊन. तुझ्या काट्याकडे बघत."

"उद्या रविवारी येऊन काढणार होतो. थर्मोस्टॅट पण नीट बसवणार होतो. आईशपथ. तू देवळात... तू बाहेर गेलीस की गुपचूप..."

त्याचे धुरकट डोळे तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेत होते. ताईनं त्याला लहानाचा मोठा केला होता. तो खोटं बोलायचा तेव्हा त्याची उजवी भुवई हलायची, हे तिला त्याच्या सहाव्या वर्षापासून माहीत होतं. आत्ता भुवई हलली नव्हती. पण पाच आठवड्यांपूर्वी "तार साफ केली" म्हणाला तेव्हाही हलली नव्हती. कदाचित तो खरंच उद्या येणार होता. कदाचित नाही. आता ते तिला कधीच कळणार नव्हतं, आणि त्यानं तिच्याकडून काय काढून घेतलं होतं ते तिला तिथे, त्या बाकापाशी, नेमकं समजलं. केसानं गळा कापतात म्हणतात तो असा. दुखत नाही. नंतर हात लावला की कळतं.

"डोळ्यांचं ऑपरेशन करून घे," ती म्हणाली आणि निघाली.

रविवारी सकाळी तो आला. हातात नवं पॅकिंग होतं, थर्मोस्टॅटच्या घराला लावायचं. कुणी बोलावलं नव्हतं. ताई पायरीवर होती, पिटू इंजिनात वाकलेली. तिनं मामाकडे पाहिलं, मग पटकन खाली. लहानपणी मामा दिसला की ही पोर त्याच्या खांद्यावर चढायची.

"जुनं पॅकिंग परत लावू नका. गळेल," मिस्त्री म्हणाला.

"कागद कापून नवं केलंय आम्ही," ताई म्हणाली.

"मग मी पाणी भरतो. हवा अडकते वरच्या वळणात, सावकाश..."

"उभा राहा हवं तर. हात लावू नकोस."

तो उभा राहिला. दोन्ही हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. दोघी मायलेकींनी थर्मोस्टॅट सुलटा बसवला, कापलेली तार जोडली, पाणी भरलं, हवा काढली, इंजिन सुरू केलं. काटा वर चढला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मधली रेषा ओलांडून गेला. वरच्या नळीवर ताईचा हात होता. नळी गार, गार, आणि एकदम ऊन झाली. काटा परत खाली आला. हे तिघांच्याही आयुष्याचं काम होतं आणि ते नीट झालं होतं. एरवी अशा वेळी कुणीतरी काहीतरी चावट बोललं असतं.

"मामा, पट्ट्याचा ताण बघ ना..." पिटूच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

ताई उठली, लंगडत गेली आणि पट्टा स्वतःच्या अंगठ्यानं दाबून परत येऊन बसली. मिस्त्रीचा अर्धा पुढे आलेला हात मागे गेला.

सोमवारी पिटू उजाडताच निघाली. ताईनं तिला तीन वळणं सांगून ठेवली होती. तिन्ही ठिकाणी थांबायचं, उतरायचं, नळीला हात लावायचा, मगच पुढे.

"आई, काटा आता खरा आहे," पिटू म्हणाली होती.

"असू दे. तरी उतर."

ट्रक गेल्यावर ताई फाटकाशीच खुर्ची टाकून बसली. थोड्या वेळानं मिस्त्री येऊन पलीकडच्या खांबाशी उभा राहिला. तिनं त्याला बस म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. एक तास गेला. फोन वाजला.

"वर आले, आई! तिन्ही ठिकाणी थांबले. मागचे ट्रकवाले शिव्या घालत होते, मी म्हटलं घाला!" पिटूचा आवाज एवढा मोठा होता की खांबापर्यंत पोचला असणार. "खिंडीजवळ काटा वर गेला थोडा, मग आला खाली. आता उतार आहे."

"उताराला गिअर सोडू नकोस," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

"पोचली वर?" मिस्त्रीनं विचारलं.

"पोचली."

त्याच्या खांद्यांतला ताण सुटला. त्यानं डोळे पुसले, चष्मा नसताना लोक पुसतात तसे, मनगटानं. मग जुन्या सवयीनं, पूर्वी हजारदा विचारलं असेल तसं, त्यानं विचारलं, "आणि काटा?"

ताई खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठली.

"ते आता तू नको विचारूस," ती म्हणाली, आणि खुर्ची उचलून घरात गेली.